गुत्त्याच्या दारावरचं कौल

धाकटीची सासू गेली ते वर्ष. त्याच वर्षी ऊन हरवलं. म्हातारी गेली पावसाळा सरता सरता, आणि पावसाळा सरला तरी ढग काही हटले नाहीत. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता हिवाळा येऊन बसला. आभाळ आपलं मळक्या चादरीसारखं डोक्यावर अंथरलेलं ते अंथरलेलंच.

कौलांच्या कारखान्यात ऊन नाही म्हणजे हात बांधल्यासारखं. साच्यातून काढलेलं कौल मांडवात चांगलं वाळलं तरच भट्टीत जातं. ओलं गेलं तर आत तडकतं आणि शेजारच्या चार कौलांना घेऊन बसतं. मांडवात फळ्यांवर कौलांचे थर लागले होते आणि एकही वाळत नव्हतं. अंगठा लावला की ठसा उमटायचा. शेवटी मालकाने मांडवात शेगड्या पेटवल्या आणि बायकांची संध्याकाळची पाळी काढली. धगीकडे एक बाजू झाली की कौल उलटायचं, पुढचं घ्यायचं. ज्यांना ही पाळी नको त्यांनी खुशाल घरी बसावं, असं मुकादम म्हणाला. घरी बसून खायचं काय, ते मात्र म्हणाला नाही.

धाकटी म्हणजे त्या घरची धाकटी सून. थोरली जाऊ नवऱ्याला घेऊन कधीच शहरात गेली, घरात ही एकटीच सून उरली, तरी नाव धाकटीच राहिलं. तिच्या नवऱ्याला सगळे भट्टीवाला म्हणायचे. तोही आता भट्टीवर नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्याने भट्टीच्या झरोक्याला डोळा लावून काढली होती. आतल्या जाळाचा रंग बघून लाकूड कधी टाकायचं, कधी हात आवरायचा, हे तो सांगायचा. मागल्या वर्षी कंबर धरते म्हणून तो आपणहून मातीच्या खड्ड्यावर गेला. खड्ड्यात भट्टीपेक्षा कंबर जास्त वाकते, हे धाकटीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण सासूचं दुखणं चालू होतं, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असताना दुसऱ्याच्या कंबरेकडे कोण बघतो?

संध्याकाळची पाळी लागली तेव्हा पहिला प्रश्न आला तो चिमीचा. चिमी त्यांची एकुलती एक. दुधाचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले, बोलताना फट दिसायची. आजी होती तोवर पोर आजीच्या पदराला असायची. आता शाळा सुटल्यावर तिने जायचं कुठं? घरात ओल, चूल थंड, आणि सोबतीला आजीची रिकामी खाट.

"माझ्याबरोबर येईल," भट्टीवाला म्हणाला. "शाळेतून आक्काकडं येऊन बसेल. मी खड्ड्यावरून आलो की दोघं मिळून घरी."

"गुत्त्यात?"

"तिथं शेगडी असते गं. आक्का दूध देते तिला गरम."

दारूचा हा गुत्ता कारखान्याच्या आणि वस्तीच्या मधोमध होता. आक्काचा नवरा गेल्यापासून तीच चालवायची. चार बाकं, एक मोठी शेगडी, मागे पिंपांची रांग. खड्ड्यावरची माणसं दिवस मावळला की कंदील घेऊन रांगेने तिथवर यायची. तिथून बाकीचे बहुतेक सगळे मोठ्या रस्त्याने जायचे. धाकटीच्या घराकडची वाट तेवढी बांधावरून होती. बांधाच्या दोन्ही अंगांना माती काढून झालेले जुने खड्डे, पाण्याने भरलेले.

धाकटीच्या मनाला काही पटलं नाही. पण पाळी उद्यापासून होती. ती म्हणाली, "बघा बाई. तुमचं तुम्ही जाणा."

*

मांडवातलं काम दिसायला हलकं. दोन्ही तळवे कौलाखाली घालायचे, कडेला बोट लागू द्यायचं नाही, आणि एका दमात उलटायचं. पहिल्या आठवड्यात धाकटीच्या हातांची सालपटं निघाली. पोटावर शेगडीची धग, पाठीवर उघड्या मांडवातून येणारा गार वारा. पुढून भाजायचं, मागून गोठायचं.

"आपणच कौलं झालो गं," पलीकडच्या फळीवरची शेजारीण म्हणाली. घर तिचं वस्तीत, मोठ्या रस्त्याला; शेजार मांडवातला. "आपल्याला कुणी उलटवत नाही एवढंच."

बायका हसल्या. शेजारणीचं तोंड असं चालायचं, आणि ते कधी कुणाकडे वळेल सांगता यायचं नाही. त्या दिवशी ते धाकटीकडे वळलं.

"तुझी चिमी काल दिसली हो. बाकावर पाय हलवत बसलेली, दोन्ही बाजूंना दोन पिणारे, मध्ये ही महाराणी. आणि निघाले तेव्हा तर काय! बापाचा हात पोरीच्या खांद्यावर, पोर पुढं, बाप मागं. झुलत झुलत वरात निघाली. माझा नवरा म्हणाला, बैल हाकायला तरी दोर लागतो, इथं पोरगीच पुरते."

धाकटीच्या हातातल्या कौलाची कड चिमटली गेली. मुकादमाने ते बघितलं, कौल उचललं आणि सगळ्यांसमोर मातीच्या ढिगात टाकलं.

"हात कुठं, लक्ष कुठं?" तो म्हणाला.

*

त्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावणं धाडलं. धाकटी घरचं काम तसंच टाकून गेली. बाई तिला खिडकीपाशी घेऊन गेल्या.

"मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

मधली सुट्टी होती. अंगणात चिमी डोळे गच्च मिटून चालत होती. तिचा हात पुढच्या मुलीच्या खांद्यावर होता. पाऊल चाचपडत टाकत होती, एकदा ठेचकाळली, सावरली. पुढची मुलगी ओरडत होती, "दगड! उतार! पाणी, पाणी!" आणि भिंतीवर बसलेली मुलं पोट धरून हसत होती. एकजण ओरडला, "चिमीचा बाप चालला गुत्त्यातनं!"

"रोज हाच खेळ," बाई म्हणाल्या. "घरी जे बघतात तेच करतात मुलं. तुम्हाला राग येईल, पण पोरांची जागा तिथं नाही हो."

"राग कशाचा?" धाकटी म्हणाली. तिचे कान मात्र तापले होते.

घरी आल्यावर तिने चिमीच्या पाठीत दोन धपाटे घातले. "दारुड्याचं सोंग करतेस? बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?"

"ते दारुड्याचं नाही," चिमी रडत म्हणाली.

"मग कशाचं?"

चिमी दातांच्या फटीत जीभ घालून बसली. आणखी एक धपाटा बसला, तरी तोंडातून शब्द नाही. पोर बापावर गेली आहे, धाकटीच्या मनात आलं.

पाळीला सुट्टी होती त्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलं. तोही लवकर सुटला होता, खाटेवर बसून पायाची चिकणमाती काडीने खरवडत होता.

"किती पिता तुम्ही?"

"एक पेला."

"एका पेल्यात माणूस पोरीच्या खांद्यावर पडत चालतो?"

तो काडी फिरवत राहिला. "अगं, दमतो माणूस."

"सगळेच दमतात. मी नाही दमत? उद्यापासून पोर तिथं जायची नाही. शेजारणीच्या म्हाताऱ्या सासूपाशी बसेल."

काडी थांबली. "तिला असू दे गं माझ्याबरोबर."

तो असं कधी बोलायचा नाही. मागणं त्याच्या तोंडात बसतच नसे. धाकटीला ते कळलं, पण अंगणातलं हसू तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

"बापाने पोरीला आधार द्यायचा की पोरीचा आधार घ्यायचा? लाज वाटत नाही तुम्हाला?"

त्याने काडी चुलीत टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तेव्हा नीट दिवससुद्धा मावळला नव्हता.

*

रविवारी सकाळी धाकटी आणि शेजारीण, मागे आणखी काही बायका, अशा आक्काकडे गेल्या. गुत्ता रिकामाच होता. आक्का बाकं पुसत होती. कोपऱ्यात वकील बसला होता. हा काही कोर्टातला वकील नव्हे. हाही खड्ड्यावरच माती कापायचा, पण कुणी कुठल्याही विषयावर तोंड उघडलं की हा दुसऱ्या बाजूने भांडायला उभा. त्यावरून नाव पडलं. धाकटीच्याच वाटेवर, बांधाच्या टोकाला राहायचा.

"पोरांना आत घेऊ नका," धाकटी म्हणाली. "एवढंच सांगायला आलो."

"मी कुणाला बोलवायला जाते का?" आक्काने फडकं झटकलं. "बाप येतो, पोर मागं येतं. बाहेर गारठ्यात उभं करू?"

"घरी पाठव."

"घरात कोण आहे? तुम्ही सगळ्याजणी मांडवात. पोरं कुलपाशी बोलणार?" आक्का बाकावर बसली. "आणि एक सांगते. पोर समोर असलं की पुरुष शिवी गिळतो. पेला सावकाश संपवतो. पोराने चल म्हटलं की उठतो. माझ्या म्हणण्याने उठतो का कुणी?"

"तुझ्या गिऱ्हाइकांना शिस्त लावायला माझी पोर पाहिजे का तुला?" धाकटी म्हणाली.

वकिलाने संधी साधली. "मुद्दा असा आहे वहिनी, की दारू वाईट असेल तर बापालाही बंदी करा. आणि वाईट नसेल तर पोराने नुसतं बघितल्याने काय..."

"तू बस रे," शेजारीण म्हणाली. "तुला ना पोर, ना बाळ. कशाला खटला चालवतोस?"

वकील बसला.

"मी याच पिंपांमागं रांगायला शिकले," आक्का म्हणाली. "बाप गिऱ्हाईक बघायचा, आई पेले धुवायची. माझं काय वाईट झालं?"

"गुत्तेवाली झालीस की!" शेजारीण म्हणाली, आणि बायका फिसकन हसल्या. आक्काही हसली. मग उठली आणि पुसून झालेलं बाक पुन्हा पुसायला लागली. पुसता पुसताच म्हणाली, "खरं आहे. तिथं पलीकडच्या बाकाखाली मी झोपायचे. कोण कुणाला काय बोलला, कुणी काय केलं, सगळं ऐकलंय. पोराने ऐकू नये असंच होतं ते. लिही रे वकिला, पाटी लिही."

पाटीला फळी मिळेना. दारामागे एक वाकडं भाजलेलं कौल पडलं होतं, तेच घेतलं. वकिलाने चुन्यात बोट बुडवून लिहिलं: मुलांना आत येण्यास सक्त मनाई. 'सक्त' हा शब्द त्याने आपल्या पदरचा घातला आणि तो त्याला फार आवडला. कौल दारावर तारेने टांगलं. येताना धाकटीला वाटलं, बऱ्याच दिवसांनी आपल्या हातून एक काम नीट झालं.

*

चिमी शेजारणीच्या म्हातारीपाशी बसू लागली. पहिल्या दिवशी म्हणाली, "मी आत नाही जाणार. नुसती दारात उभी राहीन. बाबा आला की आम्ही निघू."

"दारातसुद्धा नाही. गुत्ता तो गुत्ता."

"मग बाबा कसा येईल?"

"पायाने. तुझ्यावाचून अडलंय का त्याचं?"

चिमीने आईकडे बघितलं. काही बोलणार तेवढ्यात भट्टीवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती बोलायची थांबली.

भट्टीवाला घरी उशिरा येऊ लागला. पूर्वी धाकटी पाळीवरून यायची तेव्हा बाप-लेक जेवून झोपलेली असायची. आता चिमीला तिलाच उचलून आणावं लागे, आणि तो तिच्याही मागून येई, वकिलाच्या उपरण्याचं टोक धरून. वकील दारातूनच ओरडायचा, "वहिनी, माल पोचवला, सांभाळा!" भट्टीवाला उंबरा पायाने चाचपून आत यायचा. धाकटी त्याच्या तोंडाला वास घ्यायला जायची, तर तो तोंड फिरवायचा. वास फारसा नसे. पण एवढ्या उशिरापर्यंत गुत्त्यात बसणारा माणूस काय करत असणार?

आक्का तिला कारखान्याच्या फाटकापाशी भेटली. "तुझा माणूस हल्ली हलतच नाही गं जागेवरून. वकील उठेल तेव्हा उठतो. पोर होती तेव्हा बरं होतं."

"म्हणजे चूक माझीच?"

"चूक कुठं म्हटलं मी? दिसलं ते सांगितलं."

धाकटीने घरी येऊन ताट आदळलं. "पोरीच्या आडून पीत होतात, आता उघड्यावर पिता." तो जेवत होता. कंदील खाली होता आणि ताटावर त्याच्याच अंगाची सावली पडली होती. त्याचा हात ताटात भाकरी शोधत होता. भाकरी समोरच होती. धाकटीने ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, इतकी चढते आता.

"ऊन पडू दे एकदा," तो म्हणाला. "मग तुझी पाळी बंद होईल. सगळं ठीक होईल."

*

त्या दिवशी धुकं दुपारपासूनच उतरलं होतं. वकील तापाने घरीच पडून होता. मांडवात शेगड्या धुमसत होत्या, लाकूड ओलं. बायकांचे डोळे चुरचुरत होते. पाळी संपवून धाकटी निघाली, झोपलेल्या चिमीला खांद्यावर घेऊन घरी आली. भट्टीवाला आलेला नव्हता. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. थोडा वेळ वाट बघितली. मग तिला सगळं एकदम आठवलं: मातीच्या ढिगात गेलेलं कौल, शाळेची खिडकी, भिंतीवरची हसणारी पोरं. बसू दे तिथंच, ती मनात म्हणाली, आणि उठून दाराला कडी घातली.

सकाळी ती त्याला गुत्त्यातून ओढून आणायलाच निघाली. चिमी मागे होती. बांधावर माणसं जमलेली दिसली. वकील अंगात ताप असताना घोंगडी पांघरून उभा होता. कुणीतरी धाकटीला अडवायला बघितलं, पण ती पुढे गेली.

जुन्या खड्ड्यातून त्याला वर काढून ठेवलं होतं. पाणी तिथं छातीएवढंच होतं. पण काठ चिकणमातीचा, गुळगुळीत, उभा. त्या काठावर बोटांच्या खुणा होत्या. एका ठिकाणी नव्हे, जागोजागी, वर चढायला बघितल्याच्या. ओल्या कौलावर ठसा उमटतो तशा त्या स्वच्छ उमटल्या होत्या. त्याच्या नखांत माती भरली होती.

"पिऊन पडला," कुणीतरी मागे म्हणालं. "दुसरं काय."

"नाही रे," आक्का म्हणाली. ती धापा टाकत आली होती. "त्याचा पेला माझ्या फळीवर आहे, या आणि बघा. अर्धा भरलेला. रोज एकच घ्यायचा, तोही संपवत नव्हता. काल वकिलाची वाट बघत बसला होता. मीच म्हटलं, बाबा रे, तो तापाने पडलाय, आज येत नाही, मला दार लावायचंय. तर म्हणाला, कुणी बांधाकडं जाणारं आहे का? मी म्हटलं, तू काय लहान पोर आहेस?"

आक्काने तोंडावर पदर धरला.

चिमी बापाच्या पायांपाशी उभी होती. रडत नव्हती. "बाबाला अंधारात दिसत नव्हतं," ती म्हणाली.

जमलेली माणसं तिच्याकडे वळली.

"दिवस मावळला की काहीच नाही दिसायचं. मी पुढं चालायचे. दगड आला की दगड म्हणायचे, उतार आला की उतार. इथं आलं की पाणी म्हणायचे, मग बाबा माझा खांदा घट्ट धरायचा." तिने बांधावरची एक जागा दाखवली. "इथं."

धाकटी खाली बसली. "मला का नाही गं सांगितलंस?"

"कुणाला सांगायचं नव्हतं. खड्ड्यावरून काढतील म्हणाला. आणि तुला तर मुळीच नाही."

"मला का नाही?"

"तू दोन पाळ्या करशील म्हणाला."

धाकटीने नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि त्याच्या नखांतली माती काढायला लागली. एकेक नख ती काडीने साफ करत होती. बायकांनी तिला उठवायला बघितलं, तर ती म्हणाली, "थांबा, एवढा एक हात होऊ दे."

*

दिवसकार्य झाल्यावर ती पुन्हा मांडवात गेली. शेजारीण तिच्या फळीवर आली आणि न बोलता तिची अर्धी कौलं उलटून गेली. शेजारणीचं तोंड बंद असलेलं मांडवाने पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे पाळीला सुट्टी होती त्या दिवशी चिमीला घेऊन परतताना आक्काने तिला दारात थांबवलं. दिवे लागायची वेळ होती. चिमी आईचा पदर धरून उभी होती.

"पाटी काढू का गं?" आक्काने विचारलं. "वर बघितलं की तोच दिसतो मला."

धाकटीने कौलाकडे बघितलं. चुन्याची अक्षरं ओलीने ओघळली होती, तरी वाचता येत होती. आत बाकांवर माणसं होती. कुणीतरी कुणाच्या आईवरून शिवी दिली आणि बाकीचे हसले. शिवी गिळायला लावणारं आत कुणी नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "बाकीच्या पोरांचे बाप पितात."

आक्काने मान हलवली आणि आत गेली.

बांध लागला तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. धाकटी थांबली. तिने डोळे मिटले आणि चिमीच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा केवढासा होता. तळव्यात मावत होता. तिच्या फुटलेल्या तळव्याला पोरीच्या सदऱ्याचा एक भाग घासून विरलेला लागला, नेमका हाताच्या पंजाएवढा.

चिमीने मागे वळून बघितलं. मग पुढे बघून चालायला लागली.

"दगड," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "उतार." मग पावलं हळू केली आणि म्हणाली, "आता पाणी. घट्ट धर."

धाकटीने घट्ट धरलं.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं. मांडवातल्या शेगड्या विझवल्या, बायकांची संध्याकाळची पाळी बंद झाली, आणि अडकलेली सगळी कौलं बघता बघता वाळली. भट्टीवाला गेला तो सासू गेली त्याच वर्षी, हिवाळ्यात, ऊन परत यायच्या थोडे दिवस आधी.